ओव्हन तापत नाही

देऊळघाट
१४ नोव्हेंबर २०२४

गोकुळच्या आईस नमस्कार.

नवऱ्यानं बायकोला आशीर्वाद लिहायचा असतो, पण तुला आशीर्वाद देण्याची माझी सध्या हिंमत नाही, म्हणून नमस्कारच.

फोन करणार होतो. पण मला ऐकू येत नाही, मी ‘आं? आं?’ करत बसतो, मग तू ओरडतेस आणि तुझ्या बहिणीच्या अख्ख्या गल्लीला आपला संसार ऐकू जातो. त्यापेक्षा पत्र बरं. हिवरा आश्रम गावाला इथून पत्र चार दिवसांत पोचतं असं पोस्टमन म्हणाला.

कामाचं लिहितो. तुझा गॅसचा ओव्हन मी गोठ्यातून घरात आणला. गोठ्यात खालून ओल येत होती, पत्रा गंजला असता, म्हणून आणला. दुसरं काही कारण नाही. आपला दीपक आला होता, काकाला मदत म्हणून त्यानं एक बाजू धरली. आणलाच आहे तर पेटवून बघावा म्हटलं. बटण दाबून काडी लावली की ज्योत येते आणि बटण सोडलं की जाते. सात वेळा केलं, सातही वेळा तेच. दीपक म्हणाला, “काका, याले तुमचा राग आला दिसते.” मी त्याला घरी पाठवून दिलं.

यात काय करायचं असतं ते तुला माहीत असेल. तेवढं कळव.

सोयाबीन निघालं. तूर फुलली आहे. दुपारी शेतातून आलो की दार उघडताना वाटतं, आत कोणाचं तरी बोलणं आत्ताच थांबलं. मग थोडा वेळ तसाच ओसरीवर बसतो. आत जायची घाई नसते.

उकंडराव


हिवरा आश्रम
२० नोव्हेंबर २०२४

गोकुळच्या बाबांस सा. न.

पत्र मिळालं. पंचफुला म्हणाली, “आक्का, भाऊजीचं पत्र? मेलं कोण?” कोणी नाही, ओव्हन मेलाय, असं तिला सांगितलं.

तो विकायचा विचार असेल तर सरळ लिहा. मी आडवी येणार नाही. शेळ्या माझ्या होत्या, त्या विकून ओव्हन मी घेतला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी रोज एसटीनं बुलढाण्याला जाऊन तीन महिने बेकिंगचा क्लासही मीच केला. फळ काय मिळालं ते ऑगस्टात सगळ्या गावानं पाहिलं. गोकुळ आणि सून पुष्पांजली पुण्याहून नातीच्या, काजलच्या वाढदिवसाला आले, तीस माणसं जेवायला बसली, केक मधोमध खचला आणि आत कच्चा निघाला. तेव्हा तुम्ही काय बोललात ते मला तोंडपाठ आहे. “साठीले आली अन् शिकाले गेली. शिकून काय आली, त कच्चं पीठ खाऊ घालाले!” सगळे हसले. तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. संध्याकाळी ओव्हन गोठ्यात गेला आणि दसरा झाल्यावर मी इकडे आले. मी रागावून आले नाही. मला त्या स्वयंपाकघरात पाय ठेवावासा वाटत नव्हता, एवढंच.

असो. विचारलंय तर सांगते. बटण लगेच सोडायचं नाही. ज्योतीच्या शेजारी तांब्याच्या रंगाची एक बारीक दांडी आहे. ती तापली की मगच ओव्हनला कळतं की आत विस्तव आहे, तोवर तो गॅस बंद करून टाकतो. मनात सावकाश वीस आकडे मोजा, मग सोडा. दांडीवर काजळी असेल तर थंड असताना बारीक पॉलिश पेपरानं हलकेच पुसा. आधी काडी पेटवा, मग बटण दाबा. खिडकी उघडी ठेवा. पाइपाला साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले तर हात लावू नका, गॅसवाल्याला बोलवा.

तुम्हाला वीसपर्यंत थांबणं जमेल असं वाटत नाही.

झुंबर


देऊळघाट
२६ नोव्हेंबर २०२४

गोकुळच्या आईस,

जमलं. पंचवीस मोजले. ज्योत टिकली.

विकायचा विचार नाही. विकायचा असता तर तसाच विकला असता, दुरुस्त कशाला केला असता?

पण ज्योत टिकूनही काम होत नाही. पिवळी येते, लांब आणि थकलेली, दिवेलागणीच्या समईसारखी. काच काळी होते, डोळे चुरचुरतात. कणकेचा एक गोळा ठेवून पाहिला. तासाभरानं काढला तर वरून कोमट, आत जसाच्या तसा. दाराशी हात धरला तर धग बाहेर येते, मग आत का राहत नाही? बाकी धग वाया जाऊ नये म्हणून जी काळजी घ्यायची ती मी मागेच घेतलेली आहे. विस्तवातलं मला शिकवू नको. शेतात रोडग्याचं जेवण असलं की पंचक्रोशी मलाच बोलावते. गोवऱ्या जळून निखाऱ्यांचा आहार कधी पडला, त्यात कणकेचे रोडगे कधी पुरायचे, वरून राख किती दाबायची, हे माझ्या हाताला डोळे मिटून कळतं.

काल दुपारी ओव्हनसमोर बसल्या बसल्या डोळा लागला. स्वप्न पडलं. आपल्या हरभऱ्याच्या शेतात मधोमध तो ओव्हन उभा आहे, दार उघडं आहे आणि आत विस्तवाऐवजी ऊन आहे, संध्याकाळचं असतं तसं. तू खाली मांडी घालून बसली आहेस आणि त्या उन्हात हात शेकते आहेस. मी तुला हाक मारतो, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. तू मात्र ऐकलंस असं वाटलं, कारण तू थोडी सरकलीस आणि बाजूला जागा केलीस. जाग आली तेव्हा ओव्हन विझला होता.

आता पुढचं सांग.

उकंडराव


हिवरा आश्रम
३ डिसेंबर २०२४

गोकुळच्या बाबांस सा. न.

डोळे चुरचुरतात तर मग तासभर कशाला बसता त्याच्यासमोर? पिवळ्या ज्योतीचा धूर चांगला नसतो. ओव्हन बंद करून दारं-खिडक्या उघडा आणि ओसरीवर जा. हे आधी वाचा, मग बाकीचं.

पिवळी ज्योत म्हणजे बर्नरची भोकं बुजली असतील. गोठ्यात दोन-अडीच महिने होता, कोळ्यानं जाळं केलं असेल, भुसा गेला असेल. सिलेंडर बंद करा. तळाचा पत्रा उचला, खाली लांब नळी दिसेल, तिची भोकं जुन्या दात घासायच्या ब्रशनं झाडा. सुई घालून मोठी करू नका. पाइप कुठं दुमडला आहे का तेही बघा. दाराला आतून दोरीसारखी पट्टी आहे, ती उंदरानं खाल्ली असेल तर धग तिथून जाते.

मग तपासणी अशी करायची. ओव्हन वीस मिनिटं रिकामा तापू द्या. एका थाळीत कोरडं पीठ पातळ पसरा आणि मधल्या जाळीवर दहा मिनिटं ठेवा. सगळीकडे सारखं बदामी झालं तर ओव्हन चांगला. एकीकडे करपलं, एकीकडे पांढरं राहिलं तर दोष अजून आहे. हे मला क्लासच्या सुचिता मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

तुमचं स्वप्न वाचलं. मलाही दुपारी पडल्यावर ती बुलढाण्याची एसटी दिसते. खिडकीतून ऊन मांडीवर येतंय, मांडीवर डबा, डब्यात मी केलेली नानकटाई अजून गरम आहे आणि गाडी घाटात वळणावर वळण घेते, देऊळघाट काही येत नाही. मला ते यावं असं वाटतही नाही. त्या तीन महिन्यांत मी जेवढी खुश होते तेवढी लग्नानंतर कधी नव्हते. रागावू नका. खरं ते लिहिलं.

इथे पंचफुलाच्या शेजारणीकडे छोटा ओव्हन आहे. “आक्का, आमाले शिकवा ना,” म्हणून त्या रोज मागे लागतात. मी नाही म्हणते. माझ्या हातात ते नाही हे आता मला पक्कं कळलं आहे. क्लासमध्ये मॅडमच्या देखरेखीखाली जमत होतं, ते माझं नव्हतं.

झुंबर


देऊळघाट
९ डिसेंबर २०२४

गोकुळच्या आईस,

भोकं झाडली. भुसा निघाला, एक वाळलेला कोळी निघाला. दाराची पट्टी कोपऱ्यात खाल्लेली होती, दीपकनं बुलढाण्याहून नवी आणली. पाइप सरळ आहे. साबणाचे बुडबुडे आले नाहीत.

पिठाची थाळी ठेवली. खिडकी उघडी ठेवून ओसरीवर बसलो, तू सांगितलंस तसा. काढली तर पीठ पांढरं. उजव्या कोपऱ्यात चिमूटभर बदामी. ज्योत अजून पिवळीच.

इकडे सकाळी नदीकाठी इतकं धुकं असतं की शंकररावाच्या गाईच्या गळ्यातली घंटा जवळ आली तरी गाय दिसत नाही. मला तर घंटाही ऐकू येत नाही. एकदम समोर गाय. तसंच तूही एखाद्या सकाळी समोर दिसशील असं मला उगाच वाटत राहतं.

“माझ्या हातात ते नाही” असं काही लिहू नकोस. ओव्हनच बिघडलेला आहे, दिसतंय ना आपल्याला.

खाली एक ओळ खोडली आहे. ती वाचू नको.

उकंडराव


हिवरा आश्रम
१५ डिसेंबर २०२४

गोकुळच्या बाबांस सा. न.

ओव्हन गोठ्यात जाण्याआधीही तसाच होता हो. केक कच्चा राहिला तेव्हा कोळी नव्हता, भुसा नव्हता, पट्टी नवी कोरी होती. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी त्यात नानकटाई केली होती, ती चांगली झाली. म्हणून तर म्हणते, दोष माझ्या हाताचा. तरी तुमच्यासाठी सुचिता मॅडमना फोन केला.

त्या म्हणाल्या, भोकं साफ, पाइप सरळ, तरी ज्योत पिवळी, म्हणजे तिला हवा मिळत नाही. ओव्हनच्या खाली पुढच्या बाजूला आडव्या फटी असतात, मागे वरच्या बाजूलाही असतात. खालून हवा आत येते, मागून जळकी हवा बाहेर जाते. त्या बुजल्या तर ज्योत गुदमरते, ओव्हन काही केल्या तापत नाही. विस्तवाला श्वास लागतो, असं त्या म्हणाल्या. कोणी भिंतीला चिकटवून ठेवतं, कोणी खाली कापड कोंबतं. एकदा वाकून बघा आणि लगेच कळवा.

खोडलेली ओळ मी उन्हात धरून वाचली. ‘घरी ये’ एवढंच आहे. मग खोडली कशाला?

झुंबर


हिवरा आश्रम
६ जानेवारी २०२५

गोकुळच्या बाबांस सा. न.

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. संक्रांत आली. पोस्टमन दारावरून जातो आणि पंचफुला माझ्याकडे बघतही नाही, मुद्दाम.

मी ती ओळ वाचली म्हणून राग आला का? की एसटीबद्दल लिहिलं त्याचा आला? ते लिहायला नको होतं. की तुम्ही त्या धुरात बसून काही करून घेतलंत? दीपकला फोन केला तर तो म्हणतो, “काका बरे हायेत, पन बोलून नाई राह्यले कोनाशी.”

ओव्हनचं राहू द्या. तब्येत कळवा.

झुंबर


देऊळघाट
१० जानेवारी २०२५

झुंबर,

तब्येत चांगली आहे. तुझं पंधरा तारखेचं पत्र वाचलं आणि मला पुढे लिहिताच येईना. चार पत्रं लिहून फाडली. एकात तर मी लिहिलं होतं की मिस्त्री आला होता, नळीची तोटी खराब निघाली, बदलली, आता ठीक आहे. ते पाकिटात घालून पोस्टापर्यंत गेलोही होतो. पेटीच्या तोंडाशी धरलं आणि सोडवेना.

त्या फटी मी बुजवल्या होत्या.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तू चक्कीवर गेली होतीस. मी ओव्हन बघत होतो. खाली वाकलो तर पुढे फटी, मागे फटी. मला वाटलं, हा काय येडेपणा, सगळी धग तर इथूनच जाईल. रोडगे पुरले की आपण वरून राख दाबतो, कुठं फट ठेवत नाही, म्हणून तर ते आतपर्यंत शिजतात. मी गोठ्यातून माती आणि शेण आणलं, चांगलं मळलं आणि बोटांनी एकेक फट लिंपली. वरून पुसूनही घेतलं, तुला दिसू नये म्हणून. तुला सांगायचं नव्हतं. उद्या केक असा फुगेल की सगळे बघत राहतील, आणि मग केव्हातरी हळूच सांगू, असं मनात होतं. तुझ्या एसटीच्या खेपा मी बघितल्या होत्या, झुंबर. तू डबा घेऊन उतरायचीस तेव्हा तुझा चेहरा बघायला मी मुद्दाम पारावर बसायचो.

दुसऱ्या दिवशी केक बसला. मला वाटलं, एवढी मी मदत केली तरी हिला जमलं नाही. त्याचा राग आला आणि लोकांसमोर लाजही वाटली. म्हणून तसं बोललो आणि हसलो. इतके दिवस तुझ्या सांगण्यावरून नळी झाडतोय, दांडी पुसतोय, आणि ती माती समोर असूनही मला दिसली नाही. माझ्या लेखी ती चूक नव्हतीच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी खिळ्यानं सगळी माती टोकरून काढली. माझ्याच बोटांचे ठसे होते तिच्यावर, वाळून घट्ट झालेले. मग पेटवला. ज्योत निळी आली, आखूड, शांत. इतकी निळी की दिवसा नीट दिसतही नव्हती. थाळीतलं पीठ दहा मिनिटांत या काठापासून त्या काठापर्यंत बदामी झालं. मी ती थाळी मांडीवर घेऊन बसलो. भाजल्या पिठाचा वास घरभर गेला होता. मला रडू आलं.

तुझा हात चांगला होता. आहे. दोष माझा होता.

उकंडराव


हिवरा आश्रम
१७ जानेवारी २०२५

गोकुळच्या बाबांस,

पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्या वेळी हसू आलं, खरंच आलं, शेणानं ओव्हन लिंपणारा नवरा जगात मलाच मिळाला म्हणून. दुसऱ्या वेळी इतका राग आला की पंचफुलाच्या अंगणात फेऱ्या मारत राहिले.

पाच महिने मी स्वतःच्या हातांकडे बघत होते. कणीक मळताना, भाकरी थापताना. चाळीस वर्षं तुमचं घर जेवू घातलेले हात, आणि मला वाटत होतं की यांना म्हातारपणी उगाच भलती हौस सुटली. मी वही जाळली, हे तुम्हाला लिहिलं नव्हतं. क्लासची सगळी वही, इथे आल्या आल्या पंचफुलाच्या चुलीत.

तुम्ही मदत करत होतात हे मला समजलं. ते वाचून बरं वाटलं, नाही असं नाही. पारावर बसायचात हे मला ठाऊक नव्हतं. पण एक सांगते. हसलात तीस माणसांत, आणि चूक कबूल करताय बंद पाकिटात. पाकीट मी एकटीनं उघडलं. गावासाठी मी अजून कच्चं पीठ खाऊ घालणारीच आहे.

यापुढचं मी काही सांगणार नाही. विस्तवातलं तुम्हाला कळतं म्हणता, माणसातलं काय कळतं ते बघू.

झुंबर


देऊळघाट
२७ जानेवारी २०२५

झुंबर,

काल रविवार आणि सव्वीस जानेवारी. शाळेत झेंडा झाल्यावर सगळे पारापाशी थांबले होते. त्या दिवशी जेवायला होते त्यातले वीस-बावीस तरी असतील. शंकरराव, भिमाबाई, बेबीताई, दीपकचे आईबाप. मी पारावर चढून उभा राहिलो. मला माझाच आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मी फार मोठ्यानं बोललो असणार, कारण शाळेतली पोरंसुद्धा थांबून बघायला लागली.

मी म्हणालो, “काजलच्या वाढदिवसाचा तो केक कच्चा राह्यला होता, तो माह्या बायकोमुळे नाही. म्या ओव्हनच्या फटी मातीनं बुजवल्या होत्या.”

शंकरराव म्हणाला, “कोन्ता केक बे, उकंड्या?”

मला वाटलं चेष्टा करतोय. पण नाही. भिमाबाई म्हणाली, “वाढदिवसाले वांग्याची भाजी होती ना? भाजी मस्त होती.” बेबीताईला पोरीचा फ्रॉक आठवत होता, फुगे आठवत होते. केक कोणालाच आठवेना. कोणी म्हणे होता, कोणी म्हणे नव्हताच. मी तिथे पारावर तसाच उभा. पाच महिने आपण दोघांनी जे उराशी धरलं ते गावाच्या लेखी घडलंच नव्हतं. क्षणभर मलाही वाटलं की ते सगळं मला दुपारी पडलेलं एखादं स्वप्न आहे, तो केकही आणि तुझं जाणंही.

तिथेच उतरून घरी येता आलं असतं. कोणाला आठवत नाही म्हणजे सुटलो, असं मनात आलं, खोटं कशाला लिहू. पण मी उतरलो नाही. त्यांना आठवत नव्हतं म्हणून मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. केक कसा खचला, मी तुला काय बोललो, अगदी शब्दानं शब्द, आणि कसा हसलो. मग माती सांगितली. यावेळी कोणी हसलं नाही. बेबीताई म्हणाली, “असं बोलले होते तुमी झुंबरबाईले? आमच्यासमोर?” आणि निघून गेली. शंकररावानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही.

गाव विसरलं होतं, मीच आठवण करून दिली. आता माझं तोंड इथे काही दिवस खाली राहील. राहू दे.

उकंडराव


हिवरा आश्रम
२ फेब्रुवारी २०२५

गोकुळच्या बाबांस,

लोक विसरले हे वाचून मी आधी सुन्न झाले. मग पंचफुलाला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो, हसता हसता मी रडले. ती विचारत होती, “आता काऊन रडतं, आक्का? चांगलंच तर झालं.” मला तिला सांगता आलं नाही. तुम्हाला सांगते.

मी समजत होते की मला गावाची लाज वाटते. तुम्हाला तीस माणसांचं लिहिलं तेही त्यातूनच. पण ती माणसं विसरली हे कळलं तरी माझं दुखणं गेलं नाही, आणि मग ध्यानात आलं की त्या दिवशी हसणाऱ्या तीस तोंडांपैकी मी एकच बघत होते. बाकीचे हसले असतील, नसतील. मला तरी कुठे आठवतंय?

काल शेजारणीच्या ओव्हनमध्ये नानकटाई केली. वही नाही, तरी हाताला सगळं माप आठवत होतं. चांगली झाली. बायकांना शिकवायचं कबूल केलंय, दर महिन्याला चार दिवस मी इकडे येणार. हे विचारत नाही, सांगते.

तेरा तारखेला, गुरुवारी, सकाळच्या गाडीनं निघते. बुलढाणा स्टँडवर घ्यायला या. तिथून देऊळघाटपर्यंत एका सीटवर बसू आणि माझ्याशी बोला. ओव्हनबद्दल नको.

झुंबर